पत्र्याखालचे करदाते: सवलतींची यादी करणाऱ्या साहेबास खुले पत्र

साहेब,

तुमचं नाव मला माहीत नाही. सवलतींच्या यादीखाली ती करणाऱ्याचं नाव नसतं, कलमाचा आकडा असतो. मायन्यात ‘माननीय’ लिहायचं मी मुद्दाम टाळलं आहे, कारण हे पत्र विनंतीअर्ज म्हणून लिहिलेलं नाही. मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे आणि तुमच्यावर माझा सरळ आरोप आहे. उन्हाळ्यात घर जरा निववावं म्हणून गरीब माणूस पदरचा पैसा खर्च करतो. त्या खर्चाला तुम्ही करकायद्यात कुठेही थारा दिला नाही. त्या खर्चावरचा कर मात्र एका पैशानेही चुकवू दिला नाही.

दर फेब्रुवारीत आम्ही मास्तर लोक पगाराच्या हिशोबासोबत आयकराचं विवरण भरून देतो. विम्याचा हप्ता, भविष्य निर्वाह निधी, मुलांची फी, घराचं कर्ज असे रकाने भरताना तुमची यादी पाठ होऊन जाते. विजेवर चालणाऱ्या गाडीसाठी कर्ज काढणाऱ्याला तुम्ही व्याजावर दीड लाखापर्यंत सूट दिलीत. 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2023 या काळात कर्ज मंजूर झालं असेल तर ती मिळते. कारखानदाराने धंद्यासाठी सौरसंच बसवला तर पहिल्या वर्षापासून 40 टक्के घसारा. 2017 पर्यंत तर तो 80 टक्के होता. आणि राहत्या घराच्या दुरुस्तीला? दुरुस्तीसाठी कर्ज काढलं असेल तर त्याच्या व्याजावर वर्षाला 30 हजारांची मर्यादा, तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. नव्या प्रणालीत तेवढंही नाही. बँकेच्या दारात न जाता स्वतःच्या पैशाने छपराला पांढरा रंग दिला, आतून उष्णतारोधक थर लावला, तर त्यासाठी रकानाच नाही. 1961 चा कायदा मोडीत काढून तुम्ही 2025 चा नवा आयकर कायदा आणलात, 1 एप्रिल 2026 ही त्याची अंमलाची तारीख. 819 कलमांची 536 केलीत, शब्द निम्म्यावर आणलेत. भाषा सोपी झाली हे मी मान्य करतो. पण एवढं सगळं नव्याने लिहायला बसला होतात, तेव्हा माणसाच्या डोक्यावरच्या छपराची आठवण तुम्हाला एकदाही झाली नाही.

छपराचंच का बोलतो, ते सांगायला हवं. तुम्ही दिल्लीत बसता, आणि मराठवाड्यातली घरं कशी होती आणि कशी झाली हे तुमच्या फायलीत असण्याचं कारण नाही.

आमच्याकडे पूर्वी माळवदाची घरं असत. जाड दगडमातीच्या भिंती, वर सागाच्या किंवा बाभळीच्या तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा हात-दीड हात थर. पावसाळ्याआधी माळवदावर नवी पांढरी माती टाकायची, पाऊस पडताना गळती कुठे लागली ते बघायचं, ही घरातल्या कर्त्या माणसाची कामं. वैशाखातही आतल्या खोलीत दुपारी डोळा लागायचा. मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास दहा हजार माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक याच दगडांखाली, याच मातीच्या थराखाली झोपेत गाडली गेली. शेजारच्या बीडमध्येही माळवदाखाली झोपायची लोकांना धास्ती वाटू लागली. ती वाजवी होती. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी स्लॅब टाकला. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी पत्रा टाकला. पत्रा हलका, अंगावर पडला तरी माणूस वाचतो, दोन दिवसांत घर उभं राहतं. म्हणजे जीव वाचवण्यासाठी लोकांनी थंडावा सोडला. असा सौदा करावा लागलेल्या माणसाला पुढे सरकारने हात द्यायला हवा होता. तीस वर्षं उलटून गेली, तो हात आला नाही.

पत्र्याच्या घरात एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता काय होतं, ते तुम्ही एकदा येऊन बघा. पत्रा प्रसरण पावताना तडतड वाजतो, ते ऐकलं की आतल्या बाया ‘आता बाहेर निघा’ म्हणतात. उंची आठ-नऊ फूट, खिडकी असली तर एक, तीही बहुधा रस्त्याकडची आणि म्हणून बंद. पंखा लावला तर वरची गरम हवाच खाली येते. पितळेच्या भांड्याला हात लावला तर चटका बसतो. बाळाची झोळी घरातून काढून लिंबाच्या झाडाला बांधतात. रात्री अकरापर्यंत भिंतीतून धग येत राहते, म्हणून सगळं घर अंगणात बाजा टाकून झोपतं. ज्यांना अंगण नाही त्यांचं काय, हे बीड शहरातल्या दाट वस्त्यांमध्ये विचारा.

आता यातलीही सगळ्यात वाईट वेळ कोणाची, ते ऐका. हा जिल्हा ऊसतोड मजुरांचा. दिवाळीच्या आसपास ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. हिवाळा उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, थंडीवाऱ्यात काढतात. गाळप संपून कारखान्यांचा पट्टा पडतो मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे पाच-सहा महिने बंद असलेल्या पत्र्याच्या घराचं कुलूप उघडायची वेळ बरोबर उन्हाळा पेटताना येते. माझ्या वर्गातली मुलं अशा घरांतून सकाळच्या शाळेला येतात. काहींचे डोळे तारवटलेले असतात, काही पहिल्या तासालाच बाकावर डोकं टेकतात. त्यांना मी उठवत नाही. रात्रभर झोप न झालेल्या पोराला पाढे म्हणायला लावण्यात मला शिक्षकपण दिसत नाही.

अशाच एका मुलाची आजी छपरावर पऱ्हाट्या आणि पाचट पसरत होती. वरून ओली पोती, पोत्यांवर दगड. मी म्हटलं, आजी, वाऱ्याने उडेल, आग लागेल, पावसाळ्यात कुजून इंचू-काटा होईल. ती म्हणाली, ‘गुरुजी, ते समदं ठावं हाय. पर दिसा घरात बसवत न्हाई, नातीला ताप भरतोय. ह्याच्यानं थोडं निवतं.’ निवतं हे खरं होतं. पाचटाखालचा पत्रा आणि शेजारचा उघडा पत्रा यांच्याखाली आलटून पालटून उभं राहिलं की फरक अंगाला कळत होता. ऊर्जाबचतीचा अभ्यास त्या बाईने कुठल्या कार्यशाळेत केला नव्हता. ऊन छताला लागू द्यायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. चार वर्षं टिकणारा परावर्तक रंग घ्यायला तिच्याकडे पैसे नव्हते, इतकंच.

आणि तो रंग तिने घेतला असता, तर त्यावर 18 टक्के जीएसटी तुम्ही घेतला असता. पंखा घेतला असता तर 18 टक्के. आतून उष्णतारोधक थर लावला असता तर 18 टक्के. एलईडी दिव्यावरचा कर 12 होता, तो जुलै 2022 मध्ये तुम्हीच 18 वर नेलात. त्याच एलईडीची कहाणी 2015 पासून ‘उजाला’ योजनेच्या जाहिरातींतून आम्हाला ऐकवली गेली, कोट्यवधी दिवे वाटले गेले, विजेची बचत मोजली गेली, आणि मग त्याच बचतीवर कर वाढवला गेला. याला मी धोरण म्हणू शकत नाही.

3 सप्टेंबर 2025 च्या जीएसटी परिषदेत तुम्हाला ही चूक सुधारायची संधी होती. 22 सप्टेंबरपासून नवे दर आले. सौर साहित्यावरचा कर 12 वरून 5 वर आणलात. चांगलं केलंत, आणि हे मी मनापासून म्हणतो. वातानुकूलित यंत्रावरचा 28 वरून 18 वर आणलात. पंख्याचा 18 होता, तो 18 च ठेवलात. आज तुमच्या तराजूत दीड टनाचा एसी आणि छताचा पंखा एकाच पारड्यात बसतात. साधा पंखा 75 वॅट खातो आणि कमी विजेवर चालणारा नवा पंखा 28 ते 35 वॅट. दिवसाला सोळा तास चालवला तर महिन्याला वीसेक युनिटं वाचतात. पण हा पंखा साध्या पंख्यापेक्षा बराच महाग, आणि कराची टक्केवारी दोघांना एकच असल्यामुळे महाग पंख्यावर रुपयांतला कर जास्त. जो वीज वाचवेल त्याच्याकडून जास्त घ्यायचं! ज्याच्या घरी एसी येणार आहे त्याचे तुम्ही हजारो रुपये वाचवलेत, आणि पऱ्हाट्या पसरणाऱ्या आजीच्या वाट्याला त्या बैठकीतून काहीही आलं नाही.

तुम्ही म्हणाल, सौर छपराची योजना दिली की! दिलीत. फेब्रुवारी 2024 ची पीएम सूर्यघर योजना, 75,021 कोटींची, एक कोटी घरांसाठी. एका किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार, तीन किंवा त्याहून जास्तला 78 हजार अनुदान. राज्यानेही महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असणाऱ्यांसाठी वरून भर घातली आहे. माझ्या ओळखीच्या स्लॅबवाल्या घरांना याचा फायदा झालेला मी पाहतो आहे. त्यांचं वीजबिल उतरलं आहे आणि त्यांचा मला हेवा वाटत नाही, आनंदच आहे. पण एका किलोवॅटच्या पटलांना साधारण शंभर चौरस फूट सावली न पडणारं मजबूत छत लागतं. लाकडी वाशांवर आणि विटांच्या दाबावर टिकलेल्या पत्र्यावर वाऱ्यावावटळीत ती पटलं धरतील का, हे बसवायला आलेला माणूस पहिल्यांदा बघतो आणि मान हलवून निघून जातो. घर जितकं मोठं आणि छत जितकं पक्कं तितकं अनुदान मोठं, असा हा हिशोब आहे. शिवाय वीज फुकट झाली तरी पत्रा तापायचा थांबत नाही. फुकट विजेवरचा पंखाही गरमच हवा फेकतो.

या जिल्ह्याला वीज कशी तयार होते हे शिकवायची गरज नाही. परळीचं औष्णिक केंद्र 1971 पासून आमच्याच जमिनीवर उभं आहे. कोळसा आमच्याकडे जळला, राख आमच्या अंगणात पडली, पाणी आमच्या धरणांतलं गेलं. फेब्रुवारी 2013 मध्ये खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही म्हणून अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, तेव्हा गावोगाव टँकर चालू होते. वीज बनवायला काय पडतं ते आम्ही भोगलं आहे. म्हणूनच मला कळत नाही की न लागलेल्या युनिटाला तुमच्या हिशोबात किंमत का नाही. तयार केलेलं युनिट मीटरवर दिसतं, त्याचा फलक लावता येतो, उद्घाटन करता येतं. थंड राहिलेल्या खोलीचा फलक लागत नाही.

बाहेर काय झालं, तेही तुम्ही वाचलेलं असणारच. अमेरिकेने 1978 मध्ये पहिल्यांदा घराला उष्णतारोधक थर लावणाऱ्याला आयकरात थेट वजावट दिली. पुढे ती अनेकदा बदलली. 2023 पासून थर, दारं, खिडक्या यांच्या खर्चाच्या 30 टक्के, वर्षाला 1,200 डॉलरपर्यंत कर माफ होत असे. जुलै 2025 च्या कायद्याने 31 डिसेंबर 2025 नंतर ती सवलतच बंद केली. पण ती चालू होती तेव्हाही तिच्यात एक मोठं भोक होतं, आणि ते तिथल्याच अर्थशास्त्रज्ञांनी 2016 साली आकड्यांनी दाखवलं. घरगुती ऊर्जेवरच्या अशा करसवलतींची जवळपास 60 टक्के रक्कम सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्यातल्या कुटुंबांच्या घरात गेली. साधी गोष्ट आहे, ज्याला आयकरच बसत नाही त्याला आयकरातली सूट कशी मिळणार? आपल्याकडे तर नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आयकरच लागत नाही. तेव्हा मला माझ्यासाठी एक कलम घालून देऊ नका. ते कलम माझ्या आणि माझ्याहून बऱ्या स्थितीतल्या लोकांच्या खिशात जाईल, पऱ्हाट्यांच्या घरी पोचणार नाही.

पोचेल असा रस्ता ब्रिटनने एप्रिल 2022 मध्ये धरला. घराचा उष्णतारोधक थर आणि तसं साहित्य बसवण्यावरचा मूल्यवर्धित कर त्यांनी 31 मार्च 2027 पर्यंत शून्य केला. असं काम करून घेणाऱ्या प्रत्येकाला बिलातच सूट, विवरणपत्र न भरता. ऊसतोड मजूर आयकर भरत नसेल, पण पत्रा, खिळे, रंग, पंखा घेताना तो दर वेळी तुमचा करदाता असतो. ही ओळख तुम्ही वसुलीपुरती ठेवली आहे.

आणि हे सगळं अज्ञानातून झालं, असंही तुम्हाला म्हणता येणार नाही. छतातून आत किती उष्णता यावी याची मर्यादा तुमच्याच सरकारने 2018 च्या ‘इको-निवास संहिते’त आकड्यात लिहून ठेवली आहे. म्हणजे छत तापतं, माणूस भाजतो आणि हे टाळता येतं, हे सरकारला ठाऊक आहे. फक्त ती संहिता 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी होती. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल किमान 25 चौरस मीटरचं असतं, आणि त्यासाठी सपाट भागात मूळ मदत 1 लाख 20 हजारांची. त्यात स्लॅब पुरत नाही म्हणून कितीतरी घरकुलांवर पुन्हा पत्राच चढतो. ज्यांच्यासाठी संहिता हवी होती त्यांना तुम्ही तिच्या बाहेर ठेवलंत.

देशात कुणी काही केलंच नाही, असंही नाही. अहमदाबादला 2010 च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसं जास्त दगावली, तेव्हा तिथल्या महापालिकेने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे झोपड्यांची छतं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने एप्रिल 2023 मध्ये ‘शीत छत धोरण’च आणलं. अशा छताखाली दोन ते पाच अंशांचा फरक पडतो, असा या कामांचा अनुभव आहे. पुणे महापालिका सौर यंत्रणा, पावसाचं पाणी साठवणं आणि गांडूळखत यांसाठी मिळकतकराच्या सर्वसाधारण करात 5 ते 10 टक्के सूट देते. पुण्यातल्या सोसायटीला घरपट्टीत सूट मिळू शकते, तर आमच्या धारूरच्या किंवा वडवणीच्या पांढऱ्या छपराला का मिळू नये? दोन अंश कमी म्हणजे त्या खोलीतल्या पोराला थोडी जास्त झोप.

तेव्हा पुढच्या जीएसटी परिषदेच्या टिपणीत एक ओळ घाला. छतासाठीचा परावर्तक रंग, उष्णतारोधक थर आणि पाच तारे मिळालेला पंखा यांवरचा कर शून्य करा. शून्य जड जात असेल तर सौर पटलांना दिलेले 5 टक्के यांनाही द्या. घरकुलाच्या शेवटच्या हप्त्यात छत पांढरं करण्याची रक्कम वेगळी ठेवा आणि ते झाल्याचा फोटो मागा. शौचालयाचा मागताच की! यात नवीन शोध लावायचा नाही, नवं खातं उघडायचं नाही. 2015 पासून दिवे वाटण्याची यंत्रणा तुमच्याकडे आहे.

आणि हे पत्र वाचणाऱ्या माझ्या जिल्ह्यातल्या लोकांनो, दिल्लीच्या टिपणीची वाट बघत हा उन्हाळा घालवू नका. 1 मेला ग्रामसभा आहे. घरपट्टी बसवायचा अधिकार ग्रामपंचायतीला कायद्याने दिलेला आहे, राज्याच्या नियमांच्या मर्यादेत ती पट्टी तुमच्या गावातच ठरते. पांढऱ्या छपराला घरपट्टीत सूट मिळावी यासाठी राज्य सरकारने नियम करावा, असा ठराव त्या दिवशी मांडा, सरपंचांची आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची सही घ्या आणि त्याची प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्या. तोवर निदान शाळेची, अंगणवाडीची आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची छपरं गावाने मिळून चुन्याने पांढरी करा. चुना एका पावसाळ्यात धुऊन जातो, हे खरं आहे. पण एक उन्हाळा नक्की निघतो.

केज तालुक्यातला एक शिक्षक
जिल्हा बीड